गुडघे दुखतात, वाकवत नाही. रत्नागिरीकडे घरामागे सोपी बाग कशी करू?

वाकवत नसेल तर मातीच वर आणा. जांभ्याचे चिरे रचून दोन फूट उंच वाफा बांधा. रुंदी दोन फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे कडेवर बसून पलीकडे हात पोचतो. तळाशी पाणी जायला फटी ठेवा, नाहीतर आषाढात मुळं कुजतात. वर नारळाची सोडणं, म्हणजे वरची साल, पसरा. उन्हाळ्यात ओल टिकते, तणही कमी. अबोली, गवती चहा, हळद लावा. अळू न्हाणीच्या सांडपाण्यावर आपोआप वाढतं. गुलाबाच्या नादी लागू नका, आमच्या पावसात पानांवर काळे डाग पडून गळतात. खरी भीती शेवाळाची! वाट ब्लीचिंग पावडर टाकून कुणाकडून तरी खराट्याने घासून घ्या. स्वतः करू नका.