गेस्टाल्ट मानसशास्त्राचा उगम कोणत्या प्रयोगातून झाला आणि गेस्टाल्ट उपचारपद्धती हा त्याचाच भाग आहे का?

गेस्टाल्ट मानसशास्त्राचा, म्हणजे अनुभव ही सुट्या भागांची बेरीज नसून एकसंध आकृती असते असे मानणाऱ्या विचाराचा, उगम मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांच्या १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या आभासी गतीवरील शोधनिबंधात मानला जातो. उपचारपद्धती मात्र त्याचा सरळ भाग नाही. फ्रांकफुर्टमधील या प्रयोगांत दोन स्थिर रेषा एकापाठोपाठ दाखवल्या जात: मधला अवधी सुमारे ६० मिलिसेकंद असला की एकच रेषा सरकल्यासारखी वाटे, २०० च्या आसपास गेला की दोन रेषा एकामागून एक दिसत आणि ३० च्या आसपास आला की दोन्ही एकदमच दिसत. ही गती कोणत्याही एका रेषेत नसल्यामुळे, सुट्या संवेदनांची बेरीज करून अनुभव उलगडता येतो या तत्कालीन समजुतीला, माझ्या मते, याहून नेमका धक्का देणे अवघड होते. पट्टी बदलून सगळे स्वर बदलले तरी चाल तीच ओळखू येते, हे तत्त्वज्ञ एरेनफेल्स यांनी त्याआधी १८९० मध्येच मांडले होते. संगणकाच्या पडद्यावरील अर्जात नाव आणि त्याचा रकाना जवळ ठेवण्यामागेही याच परंपरेतील सान्निध्याचे तत्त्व, म्हणजे जवळच्या गोष्टी एका गटातल्या वाटतात हे तत्त्व, आहे. फ्रिट्झ पर्ल्स प्रभृतींची उपचारपद्धती मनोविश्लेषणातून पुढे आली. तिने या विचारातील काही संकल्पना घेतल्या, इतकाच संबंध.