फिटरची अप्रेंटिसशिप करावी की सरळ कॉन्ट्रॅक्टवर लागावं?

तुमचा आयटीआय फिटर झालाय आणि वर्षभर स्टायपेंडवर काढायचं जिवावर आलंय, हे कळतं. कॉन्ट्रॅक्टवर हातात चार पैसे जास्त पडतात. तरी मी म्हणेन अप्रेंटिसशिप करा, फक्त जागा बघून करा.

मी ऐंशीच्या दशकात भांडुपला केली. तेव्हा एलबीएस रोडला दोन्ही अंगांनी कारखाने होते. आता टॉवर आणि मॉल. सुरुवातीला ट्रेनिंग सेंटरमध्ये नुसती कानस. वाईस, म्हणजे तुकडा घट्ट पकडणारा शिकंजा, कोपराच्या उंचीला हवा, कानस पुढे जाताना कापते, मागे आणताना दाब सोडायचा, कानशीचे दात भरू नयेत म्हणून तिला खडू घासायचा. माइल्ड स्टीलचा तुकडा घासायचा, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून ट्यूबलाइटकडे धरायचा, मधून उजेड दिसला की परत वाईसला. आयटीआयमध्ये हे सगळं झालेलंच असायचं, त्यामुळे पोरं वैतागायची. पण मापाच्या हत्यारांत व्हर्नियर ०.०२ मिमी दाखवतो आणि मायक्रोमीटर ०.०१, ते वाचायला कोणालाही येतं. एवढीशी जाडी हाताला जाणवायला कानसच लागते.

खरं शिकलो ते मेंटेनन्समध्ये. तिथे एक जुने फिटर होते, कणकवलीकडचे, सगळे नाना म्हणायचे. व्हाइट मेटल या मऊ धातूचं बेअरिंग बसवायचं असलं की ते शाफ्टला ब्लू, म्हणजे खूण उमटवायचा निळा रंग, लावायचे, शाफ्ट बेअरिंगमध्ये ठेवून थोडा फिरवायचे आणि उचलायचे. ज्या उंचवट्यावर शाफ्ट टेकला तिथे निळा डाग. तेवढाच डाग स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा ब्लू, पुन्हा फिरवणं, असं ठिपके सगळीकडे सारखे पसरेपर्यंत. आम्हा पोरांना ब्लू थापायची घाई. नाना ओरडायचे, “अरे, रंगपंचमी खेळतोस काय? जास्त लावलास तर खड्ड्यातपण लागेल, मग उंच कुठलं ते कळणार कसं?” हे मी तोपर्यंत कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

याउलट माझ्या बॅचचे काहीजण प्रॉडक्शनला लागले. वर्षभर एकाच मशीनवर तेच ड्रिलिंग. सर्टिफिकेट आमच्यासारखंच मिळालं, हात मात्र तयार झाला नाही. आजही बऱ्याच ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार तुम्ही कामगार नसता, शिकाऊ असता. म्हणून मुलाखतीत बेधडक विचारा की मेंटेनन्स किंवा टूलरूमला (जिथे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनतात) किती महिने देणार. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी कंपनी बघा.

नोकरीची हमी मात्र धरू नका. वर्ष संपल्यावर घेतलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. आमच्यातलेही बरेचजण बाहेरच पडले.

मुंबईत राहता तर रेल्वेचाही विचार करा. परळ, माटुंगा आणि लोअर परळच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस घेतात, निवड दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर होते. शिवाय रेल्वेच्या लेव्हल १, म्हणजे सगळ्यात खालच्या पगारश्रेणीच्या भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच अप्रेंटिसशिप केलेल्यांसाठी असतात. मार्क बरे असतील तर पहिला अर्ज तिकडे टाका, आणि शेवटची ट्रेड टेस्ट देऊन नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टवाल्याच्या नादी लागू नका.