डिकीतली पेटी का दगा देते?

प्रश्न : गाडीच्या डिकीत अडीअडचणीसाठी एक पेटी ठेवली होती. वर्षभराने उघडली, तर टॉर्च लागेना, सेलवर पांढरी पूड जमलेली आणि चिकटपट्ट्याही चिकटेनात. काय चुकलं?

उत्तर : ही सगळी करामत उन्हाची. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तापमान सहज 50 अंशांच्या वर जातं. औषधं बहुधा 25 ते 30 अंशांखालीच ठेवायची असतात, म्हणून गोळ्या-मलमं पेटीत नकोत. ती सोबतच्या पिशवीत घ्या. गॉझ, बँडेज, कात्री डिकीत टिकतात. चिकटपट्ट्यांचा गोंद मात्र उष्णतेने सुटतो, त्या दरवर्षी बदला. पॉवर बँक गाडीत कधीच सोडून जाऊ नका. लिथियम बॅटरी तापून फुगते, पेटही घेते.

ती पांढरी पूड म्हणजे अल्कलाइन सेलमधून झिरपलेला क्षार. हातमोजे घालून सेल काढा. कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून स्प्रिंग आणि पत्र्या पुसा, मग ओलसर बोळ्याने पुसून पूर्ण वाळू द्या. स्प्रिंग वरवर काळी पडली असेल तर पॉलिश पेपरने घासली की चालते. खाऊन बारीक झाली असेल तर टॉर्च बदललेला बरा. यापुढे सेल टॉर्चमध्ये ठेवू नका. टॉर्चलाच रबराने बांधलेल्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा, म्हणजे अंधारात शोधाशोध होणार नाही.

जागेचाही विचार करा. मागून धडक बसली की डिकी अडकते. चमकणारं जाकीट, टॉर्च, सीटबेल्ट कापायची सुरी आणि काच फोडायची हातोडी बसल्या जागी हाताला लागली पाहिजे. जाकीट तर दार उघडण्याआधीच अंगात हवं. हातोडी टफन्ड, म्हणजे फुटली की बारीक तुकडे होणाऱ्या काचेवरच चालते आणि तीही मध्यभागी नव्हे, कोपऱ्याजवळ मारायची. लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर असलेली काच तडकते, पण जागची सुटत नाही. हल्ली काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात. आपली काच कोणती, ते कळण्यासाठी तिच्या कोपऱ्यातला शिक्का आजच वाचून ठेवा.

प्रश्न : पंक्चर झालं तेव्हा स्टेपनीतच हवा नव्हती. किती दिवसांनी तपासावी?

उत्तर : महिन्यातून एकदा, चारही चाकांबरोबरच. न वापरलेल्या टायरचीही हवा हळूहळू उतरते. स्टेपनी बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिला बहुधा 60 पीएसआय हवा लागते, म्हणजे नेहमीच्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट. नेमका आकडा टायरवर किंवा दारालगतच्या स्टिकरवर असतो. ती लावून ताशी 80 किलोमीटरच्या वर जाऊ नका.

त्याच दिवशी गाडीतल्या पान्याने एक नट सैल करून पाहा, चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच. गॅरेजमध्ये मशीनने आवळलेला नट आखूड पान्याला दाद देत नाही. तसं झालं तर लांब दांड्याचा पाना घ्या. नटांना कुलूप असेल तर त्याची चावी पान्यालाच बांधून ठेवा.