मांडीतली कुठली शीर?

या महिन्यात मांडीबद्दलची चार पत्रं आली. त्यातल्या तिघांनी ‘शीर’ हा शब्द वापरलाय आणि तिघांची शीर वेगवेगळी आहे. एकाची रक्तवाहिनी, दुसऱ्याची मज्जातंतू आणि तिसऱ्याचा तर चक्क स्नायू. शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली, पण घरी सासूबाई ‘शीर आखडली गं’ म्हणाल्या की मीही मुकाट्यानं तेल गरम करायला ठेवायचे. त्यामुळे शब्दावर माझा राग नाही. डॉक्टरांसमोर मात्र ‘शीर’ म्हणून थांबू नका. बोट ठेवून जागा दाखवा, आणि तिथे आग होते, बधिर लागतं की गोळा येतो तेही सांगा.

प्रश्न : वडिलांची (वय ६४) बायपास झाली. पायातली शीर काढून हृदयाला लावली. आता त्या पायाला रक्त कमी पडेल का? पोटरीच्या आतल्या बाजूला त्यांना बधिर लागतं. – एक वाचक, बार्शी

नाही पडणार. पायाला रक्त पोचवते ती धमनी, आणि तिला कुणी हात लावलेला नाही. काढली ती नीला, म्हणजे रक्त परत नेणारी. तीसुद्धा वरवरची. पायाच्या आतल्या घोट्याच्या पुढून ती निघते, गुडघ्याच्या आतल्या बाजूला थोडी मागून वर येते, मांडीच्या आतल्या अंगानं चढते आणि जांघेच्या जरा खाली खोल बुडी मारून मोठ्या नीलेला मिळते. शरीरातली ही सगळ्यात लांब नीला. पण पायातलं बरंचसं रक्त स्नायूंच्या आतून, धमनीच्या सोबतीनं जाणाऱ्या खोल नीलांमधूनच परततं. त्या मोकळ्या असल्या की वरची एक गेली तरी पायाचं अडत नाही.

मला या नीलेतली आवडती गोष्ट म्हणजे झडपा. शवविच्छेदनाच्या टेबलावर ती उभी चिरून पाण्यानं धुतली की आत शर्टाच्या खिशासारख्या पातळ झडपा दिसतात. खिशांची तोंडं वर, हृदयाकडे. रक्त वर जाताना खिसे भिंतीला चिकटून राहतात. खाली यायला लागलं की भरतात आणि वाट बंद. म्हणूनच सर्जन ती हृदयाला लावताना उलटी करतात. घोट्याकडचं टोक महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीला, आणि मांडीकडचं टोक हृदयाच्या धमनीला. सुलटी लावली तर तिच्याच झडपा रक्त अडवतील. रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जननं १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला पायाच्या नीलेची ही बायपास सुरू केली. वडिलांना सांगा, त्यांची शीर डोक्यावर उभी राहून काम करतेय.

बधिरपणाचं कारण साधं आहे. गुडघ्याच्या खाली एक संवेदनेचा मज्जातंतू या नीलेला अगदी बिलगून जातो. नीला सोडवताना तो दुखावतो. काही महिन्यांत बधिरपणा बहुधा कमी होतो, एखादा पट्टा राहूनही जातो. चालण्यावर परिणाम नाही. जखम लाल झाली, पाणी सुटलं किंवा ताप आला तर मात्र लगेच दाखवा.

प्रश्न : मी वायरमन आहे, वय ४२. उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला पंजाएवढ्या जागेत आग होते, पँट घासली तरी सहन होत नाही, मध्येच बधिर लागतं. मणक्यात शीर दबली असेल म्हणून एमआरआय सांगितलाय. काढू का? – सातारा जिल्हा

पत्रावरून निदान करायचं नाही हा माझा नियम आहे. एमआरआय नको असंही इथे बसून सांगणार नाही. पण डॉक्टरांकडे जाताना खांबावर चढायचा तो पट्टा घेऊन जा आणि कुठे आवळता ते दाखवा.

आता कमरेच्या पुढच्या बाजूला हात न्या. हाडाचं एक टोक हाताला लागेल. त्याच्या जरा आतून, जांघेतल्या बंधाच्या खालून, जाड दोऱ्याएवढा एक मज्जातंतू मांडीत उतरतो. मांडीच्या बाहेरच्या कातडीची जाणीव एवढंच त्याचं काम. एकही स्नायू त्याच्या ताब्यात नाही. आमच्याकडे मुलं पहिल्यांदा मांडीची कातडी सोलायला बसली की निम्म्या टेबलांवर हा कापला जायचाच, आणि मग सगळे मिळून तो शोधत बसायचे. घट्ट पट्टा, सुटलेलं पोट, कमी दिवसांत वाढलेलं वजन यांनी तो त्या बंधाखाली चेपला जातो. मग आग, मुंग्या, बधिरपणा. पायाची ताकद मात्र शाबूत राहते आणि दुखणं गुडघ्याखाली जात नाही. तुमच्या वर्णनात हे दोन्ही बसतंय का, ते नीट पाहा. तसं असेल तर पट्टा सैल करणं आणि वजन उतरवणं यानंच बऱ्याच जणांना आराम पडतो. मधुमेह तपासला नसेल तर तोही तपासून घ्या.

पायातलं बळ गेलं, कळ पाठीतून पार पावलापर्यंत गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटायला लागला, तर वाट पाहायची नाही. ते दुखणं मणक्याचं असू शकतं.

या आजारावर १८९५ साली युरोपातल्या डॉक्टरांनी लिहिलं, त्यात सिग्मंड फ्रॉइडही होता. त्याला स्वतःलाच हा त्रास होता. मनाचा एवढा मोठा वैद्य, आणि बेजार झाला मांडीच्या कातडीनं!

प्रश्न : भजनात तासभर मांडी घालून बसलो की पायाला मुंग्या येतात. रात्री मांडीच्या मागे शिरेवर शीर चढते, जीव जातो. – वय ७१, संगमनेर

काका, शिरेवर शीर चढत नाही. चढायला तिथे जागाच नाही. तो स्नायू आहे. आपणहून आवळतो आणि सोडायचं नाव घेत नाही. मांडीच्या मागे तीन लांब स्नायू आहेत, गुडघा वाकवणारे. त्यांना गोळा आला की झोपल्या जागी गुडघा सरळ करा आणि पाऊल आपल्याकडे ओढा. दुखेल, पण सुटेल. गोळा मांडीच्या पुढे आला तर उलट करायचं, उभं राहून भिंत धरायची आणि टाच कुल्ल्याकडे न्यायची. गोळ्या-औषधं कुठली चालू आहेत ते डॉक्टरांना दाखवा, काही औषधांनीही गोळे येतात.

मुंग्यांचं वेगळं. मांडी घातली की मज्जातंतू दाबला जातो, पाय हलवला की जागा होतो. दर अभंगाला मांडी बदला.

मांडी घालायला जे स्नायू लागतात त्यातला एक मला फार लाडका आहे. खुर्चीवर बसा, उजवा घोटा डाव्या गुडघ्याकडे उचला पण टेकवू नका. कमरेच्या हाडाच्या त्याच टोकापासून मांडीच्या आतल्या बाजूला एक तिरका पट्टा फुगून येईल. हा शरीरातला सगळ्यात लांब स्नायू. लॅटिनमध्ये शिंप्याला सार्टर म्हणतात, त्यावरून याचं नाव सार्टोरियस पडलं, कारण शिंपी मांडी घालून शिवायला बसत. याच्याच आतल्या अंगाला, जांघेच्या मधोमध बोटं टेकवलीत की धमनी उडताना लागेल. बाहेरून आत मोजलं तर आधी मज्जातंतू, मग धमनी, मग नीला. इंग्रजीतून शिकणारी मुलं आतून बाहेर ‘व्हॅन’ (व्हेन, आर्टरी, नर्व्ह) असं पाठ करतात. मी त्यांना बाहेरून आत ‘म-ध-नी’ सांगायचे. कुणी ऐकलं नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. गोळा मिनिटांत सुटतो. एकच पाय सुजला, गरम लागला आणि दुखणं दिवसभर हटलं नाही, तर खोल नीलेत रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय तेल लावून चोळायचा नाही. थेट दवाखान्यात जायचं.

प्रश्न : नातवाला दीड महिन्याच्या लशी मांडीत दिल्या. आमच्या वेळी कुल्ल्यावर देत. पाय अधू होणार नाही ना? – एक आजी, डोंबिवली

नाही आजी. उलट कुल्ल्याचीच भीती जास्त. तिथून शरीरातला सगळ्यात जाड मज्जातंतू जातो, मोठ्या माणसात अंगठ्याएवढा. एवढ्याशा बाळाच्या कुल्ल्यावर मांस ते किती! सुई भलतीकडे गेली तर पाऊल लुळं पडू शकतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधल्या भागात, बाळाचाही स्नायू चांगला भरलेला असतो, आणि मोठ्या रक्तवाहिन्या पुढे-आत, मोठा मज्जातंतू मागे. बाहेरची बाजू मोकळी.

सुईच्या जागी सूज आली तर चोळू नका, शेकू नका. थंड पाण्यात पिळलेला रुमाल ठेवा. आणि सरकारी वेळापत्रकात पेंटा, म्हणजे पाच आजारांची एकत्र लस, डाव्या मांडीत असते, न्यूमोकोकल उजव्या. कडेवर घेतलंत की आपला हात नेमका तिथेच पकडतो. दोन दिवस मांडीवरच घ्या.