फोन लागतो, पण पान उघडत नाही

प्रश्न : माझ्या संगणकावर रेड हॅट लिनक्स आहे. सिरीयल पोर्टला लावलेल्या बाहेरच्या मॉडेमने डब्ल्यूव्हीडायल (फोनने इंटरनेट जोडणारा प्रोग्राम) नंबर लावतो, पासवर्ड स्वीकारला जातो, आयपी पत्ताही मिळतो. मात्र ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही. विंडोजमध्ये हाच मॉडेम व्यवस्थित चालतो. घरातला दुसरा संगणक नेटवर्क कार्डाने जोडलेला आहे. दोष कुठे असावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आयपी पत्ता मिळाला याचा अर्थ मॉडेम, फोनची लाइन आणि पासवर्ड या तिन्हींवरचा संशय फिटला, त्यामुळे मॉडेमच्या सेटिंगशी खेळत बसू नका. आपल्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. नेटवर्क कार्ड बसवताना ‘गेटवे’च्या (नेटवर्कबाहेर जाण्याच्या दाराच्या) रकान्यात काहीतरी भरलेच पाहिजे असे समजून पुष्कळजण तिथे १९२.१६८.०.१ असा पत्ता लिहितात, आणि मग बाहेर जाणारे माहितीचे प्रत्येक पॅकेट फोनच्या लाइनवर न जाता त्या कार्डाकडे वळते, कारण आधीपासून असलेला डिफॉल्ट राउट (बाहेर जाण्याची ठरलेली वाट) पीपीपीडी, म्हणजे फोनवरची पीपीपी जोडणी सांभाळणारा प्रोग्राम, सहसा बदलत नाही. तशी नोंदही तो लॉगमध्ये (संगणकाच्या नोंदवहीत) करतो : ‘नॉट रिप्लेसिंग एक्झिस्टिंग डिफॉल्ट राउट’. लॉग फोन ठेवल्यावरही वाचता येतो, तेव्हा बिल वाढवत वाचण्याचे कारण नाही.

खात्री करायची असल्यास जोडणी चालू असताना सेवादात्याच्या डीएनएस सर्व्हरला (नावांचे आकडी पत्ते सांगणाऱ्या संगणकाला) आकडी पत्त्याने पिंग करा, म्हणजे त्याच्याकडून उत्तर येते का ते तपासा. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे उत्तर आले आणि ते पाठवणारा पत्ता आपल्याच नेटवर्क कार्डाचा निघाला, तर निदान पक्के झाले. पीपीपी जोडणीच्या पलीकडच्या टोकाला पिंग करून मात्र काही कळणार नाही. त्या एका पत्त्याची वाट पीपीपीडीने स्वतःच घातलेली असते.

तात्पुरता उपाय म्हणून रूट या (सर्वाधिकार असलेल्या) नावाने लॉगिन करून नंबर लावण्यापूर्वी ‘राउट डेल डिफॉल्ट’ ही आज्ञा द्या. कायमचा उपाय म्हणजे ‘ईटीसी’ डिरेक्टरीतील ‘सिसकॉन्फिग’मधल्या ‘नेटवर्क’ या फाइलमधून आणि कार्डाच्या स्वतःच्या फाइलमधून ‘गेटवे’ची ओळ काढून टाकणे. एकाच नेटवर्कमधल्या दोन संगणकांना एकमेकांशी बोलायला गेटवे लागत नाही, त्यामुळे फाइलींची देवाणघेवाण पूर्वीसारखीच चालू राहील.

एवढे करून आकडी पत्त्याला उत्तर मिळू लागले, पण नावाने पान उघडेना, तर ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये जुन्या सेवादात्याचा नेमसर्व्हर (म्हणजेच डीएनएस सर्व्हर) राहिला आहे का ते पाहा, आणि डब्ल्यूव्हीडायलच्या फाइलमध्ये ‘ऑटो डीएनएस’ चालू ठेवा.