रक्तवाहिनीच्या आत रक्त का गोठते?

प्रश्न : जखमेवर रक्त गोठते, हे समजते, पण कोठेही कापलेले नसताना शरीराच्या आत गुठळी कशी होते?

उत्तर : रक्तवाहिनीचे आतले अस्तर शाबूत असते, तोवर ते नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये स्रवून प्लेटलेट पेशींना (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या रक्तातील सूक्ष्म पेशींना) चिकटू देत नाही. धमनीतील चरबीचा थर फुटला, की अस्तराखालचा भाग उघडा पडतो, त्यावर प्लेटलेट चिकटतात, फायब्रिन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे विणले जाते आणि जखम बुजवणारी तीच यंत्रणा आत वाट अडवते.

हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये मात्र बहुधा प्रवाह मंदावणे हे मोठे कारण असते. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जाऊन रक्त वर ढकलले जाते. शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात हे थांबते, शिरेतील झडपांमागच्या खोबणीत रक्त रेंगाळते आणि अनेकदा तेथेच पहिली गुठळी धरते. गरोदरपण, कर्करोग, काही गर्भनिरोधक गोळ्या किंवा आनुवंशिक दोष यांमुळे रक्ताचीच गोठण्याची प्रवृत्ती वाढते.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते; तो चोळू नये, हे मी कळकळीने सांगतो; सुटलेली गुठळी फुप्फुसात अडकू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.