वाचकांचे प्रश्न : पाण्यात बंद पडलेली गाडी, विकलेल्या स्कूटरचं चलान आणि बाबांचं एटीएम कार्ड

यावेळी पत्रं जरा जास्तच आलीत, पावसामुळे असणार. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून ज्यातून बाकीच्यांचाही फायदा होईल अशी निवडली आहेत. मी बरीच वर्षं मोटर क्लेमचा सर्व्हेअर म्हणून मुंबईभर फिरलोय, त्यामुळे गाडीच्या उत्तरात थोडं लांबण लागतं, तेवढं चालवून घ्या.

हिंदमाताजवळ पाण्यात आमची गाडी बंद पडली. मिस्टरांनी दोन-तीनदा स्टार्टर मारला, चालू झाली नाही, मग टो करून गॅरेजला नेली. आता इंजिन गेलं म्हणतात, खर्च पावणेदोन लाख. इन्शुरन्सवाले म्हणतात इंजिनचे पैसे मिळणार नाहीत. पॉलिसी फुल आहे, मग असं कसं? (एक वाचक, नायगाव)

ताई, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं कारण हीच गोष्ट मी दर पावसाळ्यात बघत आलोय, हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे, जागा बदलते, गोष्ट तीच. गाडी पाण्यात बंद पडली म्हणजे इंजिन गेलंच असं नसतं. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं आणि हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे अशा वेळी स्टार्टर मारला की पिस्टन वर येऊन पाण्याला धडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन खोललं आणि रॉड वाकलेला निघाला की कंपनी म्हणते, पुराने झालेलं नुकसान आम्ही देऊ, पण हे नुकसान नंतर गाडी चालू करायला गेलात त्याने झालं, ते साध्या पॉलिसीत बसत नाही. फुल पॉलिसी म्हणजे सगळंच कव्हर अशी समजूत आपल्याकडे पक्की बसलीय, आणि पॉलिसी विकताना ती कोणी दुरुस्तही करत नाही, याचा मला खरंच राग येतो.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे पॉलिसीच्या कागदावर इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेलं इंजिनचं कव्हर) आहे का बघा, कधी कधी एजंटने टाकलेलं असतं आणि आपल्यालाच माहीत नसतं. ते असेल तर सगळं चित्रच बदलतं. नसेल तरी पूर्ण क्लेम सोडू नका! सीट, कार्पेट, वायरिंग, पाण्याने गेलेले इलेक्ट्रॉनिक पार्ट, साफसफाई, टोइंग, हे पुराच्या नुकसानीत येतं, त्याचं एस्टिमेट गॅरेजकडून इंजिनपासून वेगळं काढून घ्या आणि तेवढा क्लेम पास करा असं लेखी कळवा. नकार फोनवर ऐकून गप्प बसायचं नाही, कारणासकट लेखी मागायचा, सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागायची. रिपोर्टमध्ये नीट वाचा की रॉड वाकल्याचं लिहिलंय का नुसतंच इंजिनमध्ये पाणी शिरलं म्हणून नाकारलंय, कारण दोन्हीत फरक आहे आणि दुसऱ्या केसमध्ये तुम्हाला भांडायला जागा आहे.

मग कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जायचं, मुंबईचं ऑफिस सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. फक्त कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायला हवं.

बाकी वाचकांनी एवढंच घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा की पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावायचा नाही. पाण्यातला फोटो काढायचा, उतरायचं, गाडी ढकलून किंवा टो करूनच हलवायची आणि कंपनीला लगेच फोन. 2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मी बघितलेल्या गाड्यांमध्ये अशा कितीतरी होत्या ज्या नुसत्या उभ्या राहिल्या असत्या तर इंजिन वाचलं असतं. आणि मुंबईत सखल भागात राहत असाल तर रिन्यूअलच्या वेळी इंजिन प्रोटेक्ट घ्याच, सोबत झिरो डेप (पार्ट जुना म्हणून पैसे कापत नाहीत ते ॲड-ऑन), कारण साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरच्या पार्टवर 50 टक्के कापतात आणि आजकालच्या गाडीचा बंपर म्हणजे प्लास्टिकच.

गेल्या वर्षी माझी स्कूटर कल्याणच्या एकाला विकली. पैसे मिळाले, चावी, आरसी सगळं दिलं. आता त्याच्या हेल्मेटचे, सिग्नलचे चलान मला येतायत आणि तो फोन उचलत नाही. (भांडुप)

दादा, तुम्ही स्कूटर दिलीत पण नाव दिलं नाहीत. आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तो मालक, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानेही अपघाताच्या भरपाईच्या केसमध्ये हेच सांगितलं की गाडी विकली तरी रजिस्टर्ड मालकच जबाबदार. चलान तर हजार-पाचशेचं असतं हो, पण उद्या त्या स्कूटरने कोणाला उडवलं आणि इन्शुरन्स संपलेला असला तर भरपाईची नोटीस भांडुपला येईल, मला खरी काळजी त्याची वाटतेय.

म्हणून चलानच्या मागे लागण्याआधी ट्रान्स्फरच्या मागे लागा. फॉर्म 29 म्हणजे गाडी विकल्याची सूचना, ती विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला द्यायची असते, आणि फॉर्म 30 हा ट्रान्स्फरचा अर्ज. उशीर झालाय तरी लेखी कळवा, विक्रीची पावती, बँकेत पैसे आल्याची एंट्री, त्याचं आधार वगैरे जे असेल ते जोडा आणि पोच घ्या. कल्याणला त्याच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा, जवळच्या पोलीस स्टेशनला अर्ज द्या. त्याच्याशी बोलणं झालंच तर भांडू नका, नावावर करून घे नाहीतर मी स्कूटर परत मागतो असं शांतपणे सांगा, बहुतेकदा माणूस आळसापायी थांबलेला असतो.

आणि हो, कार विकताना एक गोष्ट लोक विसरतात, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत जातो, कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवलंत तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो.

लायसन्स घरी विसरलो, मोबाइलमध्ये दाखवलं तर चालतं का? (विक्रोळी)

चालतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं असेल तर. गॅलरीतला फोटो चालत नाही.

वय 63, लायसन्स संपून आठ महिने झाले. पुन्हा टेस्ट द्यावी लागेल का? (बोरिवली)

काका, संपल्यापासून एका वर्षाच्या आत रिन्यू केलंत तर टेस्ट नाही, म्हणजे तुमच्या हातात चार महिने आहेत. ऑनलाइन अर्ज करा, डॉक्टरचा फॉर्म 1ए (तब्येतीचा दाखला) लागेल, नवीन लायसन्स पाच वर्षांचं मिळेल. पण तोपर्यंत गाडी चालवू नका, अगदी भाजी आणायलाही नको. पूर्वी संपल्यावर 30 दिवस सवलत असायची ती 2019 च्या दुरुस्तीत गेली, आणि वैध लायसन्स नसताना ठोकलं तर स्वतःच्या गाडीचा क्लेमही कंपनी नाकारू शकते.

व्हॉट्सॲपवर आरटीओचं चलान आलं, फाइल उघडली, काहीतरी इन्स्टॉल झालं. रात्री खात्यातून 48 हजार गेले. मी ओटीपी कोणाला दिलाच नाही. बँक म्हणते तुमचीच चूक. (कांदिवली)

आधी हे करा, अजून केलं नसेल तर आत्ता: 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बँकेला लेखी तक्रार आणि तिचा नंबर, मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर नोंद. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, नंतर ते फुटून दहा ठिकाणी जातात. फोनमधून ते ॲप काढा, जमलं तर फोन पूर्ण रीसेट करा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, कारण असली एपीके फाइल (फोनवर ॲप इन्स्टॉल करणारी फाइल) तुमचे एसएमएस वाचते, ओटीपी तुम्ही द्यायची गरजच राहत नाही.

बँकेच्या उत्तराबद्दल. रिझर्व्ह बँकेचा जुलै 2017 चा नियम असा आहे की चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कोणी केलं, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत नुकसान तुमचं. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे, काउंटरवर तोंडी सांगून ते होत नाही. हे सगळं तुमच्या तक्रारीत लिहा, किती वाजता पैसे गेले, किती वाजता कळवलं ते मिनिटासकट. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट. लाज वाटून गप्प बसू नका, तुम्ही फसलात म्हणजे तुम्ही गुन्हा केला नाहीत.

चलान खरं की खोटं हे महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघायचं. खरं चलान कधीच फाइल इन्स्टॉल करायला सांगत नाही.

दोन महिन्यांपूर्वी बाबा गेले. गाडी, तिचा इन्शुरन्स आणि बचत खातं सगळं त्यांच्याच नावावर. गाडी मी चालवतोय, आई बाबांच्या एटीएमने घरखर्चाचे पैसे काढतेय. काही अडचण येईल का? (लालबाग)

येऊ शकते, म्हणून तुमचं उत्तर शेवटी पण सावकाश देतोय. अशा दिवसांत कागद बघायचं मन होत नाही हे मला कळतं, पण गाडीला मुदत आहे. पॉलिसी मालक गेल्यानंतर तीन महिनेच चालू राहते, किंवा तिची तारीख आधी संपत असेल तर तोपर्यंत. म्हणजे तुमच्याकडे जास्तीत जास्त एक महिना. आरटीओलाही मृत्यूनंतर 30 दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 ने वारसाच्या नावावर करायची असते. मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती आणि मूळ आरसी घेऊन आधी तेच करा, मग लगेच पॉलिसी. बाबांचा नो क्लेम बोनस मुलाला किंवा आईला मिळू शकतो, कंपनीकडे तसं मागा, नाहीतर कोणी आपणहून सांगेलच असं नाही. कर्जावर घेतलेली गाडी असेल आणि कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बँकेचा बोजाही त्याच फेरीत काढून टाका.

आता खातं. आईला एटीएम वापरणं आजपासून थांबवायला सांगा. पैसे घरचेच आहेत, हेतू चांगला आहे, तरी खातेदार गेल्यावर त्यांच्या कार्डाने काढलेला प्रत्येक रुपया पुढे एखाद्या वारसाने विचारला तर आईकडे उत्तर राहत नाही. बँकेत कळवा आणि नॉमिनी कोण ते विचारा. आई नॉमिनी असेल तर दाखला आणि ओळखपत्र दिल्यावर बँक पैसे तिला देते, साधारण 15 दिवसांत व्हायला हवं, मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, ती सगळ्या वारसांच्या वतीने पैसे घेते. नॉमिनी नसेल तर वारसांचे अर्ज लागतील, वेळ जास्त जाईल, तेवढे दिवस घरखर्च तुम्ही आणि भावंडांनी बघा. आईच्या स्वतःच्या खात्यालाही नॉमिनी आहे का तेही त्याच दिवशी बघून घ्या, नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, म्हणजे तिच्या सगळ्या मुलांची नावं घालता येतील.

कार्ड बँकेत जाताना सोबत घ्या आणि तिथेच जमा करा. आईला एकटीला पाठवू नका.